मावशीचं घड्याळ आणि मुरुडशेंगेचा पीळ

गोवा एक्स्प्रेस बेळगाववरून जाते ती मिरज, पुणे, मनमाड, भोपाळ, झाशी करत थेट ग्वाल्हेरला पोचते, आणि त्या एका गाडीमुळे ग्वाल्हेर आमच्या घराला कधी परकं वाटलंच नाही. तिथल्या लष्कर भागात माझी मावशी राहते. १९७१ साली शहापुरातून लग्न होऊन गेली. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी जिथे पडली तेच हे लष्कर, आणि मराठी घरं तिथे अजून बरीच आहेत. मावशीच्या मराठीत आता हिंदी इतकी मिसळली आहे की 'बढिया' आणि 'छान' यांतला फरक तिला सांगता येत नाही. पण राग आला की अजून शहापुरातल्या गल्लीतलं कन्नडच बाहेर पडतं.

गेल्या हिवाळ्यात ती जिन्यावरून घसरली आणि गुडघा धरून बसली. माझ्या मावसभावाच्या नातीचं बारसं होतं म्हणून मी तिथेच होते. डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितलं. शहरातल्या एका निदान केंद्रात आम्ही तिघं गेलो. काउंटरवर एक छापील कागद मिळाला. शरीरात धातूची वस्तू, क्लिप, यंत्र आहे का, वगैरे पंधरा-वीस प्रश्न. भावाने उभ्याउभ्या सगळ्यांपुढे 'नाही' अशा खुणा करून सही ठोकली. कागद घेणाऱ्याने तो वाचला नाही. बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी काढून झाली. जोडव्यांवरून थोडी वादावादीही झाली. मावशी गाऊन घालून चाकाच्या खुर्चीत बसली आणि आत नेणाऱ्या मुलाला तिने सहज विचारलं, "बेटा, घडी भी निकालनी है क्या?"

त्याने तिच्या मनगटाकडे पाहिलं. मनगट रिकामं होतं. "कुठलं घड्याळ, मावशी?" मी विचारलं.

"अगं, हे," म्हणत तिने डाव्या खांद्याखाली बोट ठेवलं.

मावशीला चार वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला आहे. घरात सगळे त्याला घड्याळच म्हणतात. मला ते माहीत होतं आणि मी विसरले होते. भावाला तर रोज माहीत असतं. त्याचं म्हणणं एवढंच, की फोटो गुडघ्याचा काढायचा, छातीचा कुठे काढायचाय? त्यात वावगं काय? आपल्यापैकी दहातल्या आठांनी हेच म्हटलं असतं. त्या मुलाने मात्र खुर्ची जागच्या जागी थांबवली आणि आतून तंत्रज्ञाला बोलावलं. त्या दिवशी एमआरआय झाला नाही.

मी मराठीची मास्तरीण. एम.ए.ला विज्ञानाशी संबंध येत नाही. रात्री मी आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांना फोन लावला. ते धारवाडकडचे. घरी कन्नड, वर्गात इंग्रजी आणि स्टाफरूममध्ये माझ्याशी मराठी. मी म्हटलं, "सर, यंत्र सुरू करायच्या आधी आणखी एकदा तपासलंच असतं ना?" ते म्हणाले, "मॅडम, ते यंत्र सुरू करत नाहीत. ते सुरूच असतं. रात्री दिवे घालवून, कुलूप लावून सगळे घरी जातात, तेव्हाही चुंबक सुरू असतो." त्यापुढे तासभर त्यांनी मला जे शिकवलं, आणि परत आल्यावर पुस्तकं आणून देऊन वाचायला लावलं, ते आता माझ्या भाषेत सांगते.

एमआरआयच्या त्या बोगद्याभोवती तारेचं प्रचंड वेटोळं असतं. वेटोळ्यातून वीज गेली की चुंबक तयार होतो, हे शाळेत खिळ्याला तार गुंडाळून आपण सगळ्यांनी केलं आहे. पण साध्या तारेत विजेला अडथळा होतो, तार तापते, वीज सतत पुरवावी लागते. इस्त्री त्याच अडथळ्यावर चालते. काही धातू मात्र भयंकर थंड केले की हा अडथळा नाहीसा होतो. कमी होतो असं नव्हे, शून्यच होतो. हॉलंडमधल्या लायडन गावी कामरलिंग ओन्नस नावाच्या शास्त्रज्ञाने ८ एप्रिल १९११ रोजी पाऱ्यावर हे पाहिलं. तापमान होतं सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस. एवढी थंडी मिळवायला लागणारा द्रव हेलियमही त्यानेच तीन वर्षं आधी पहिल्यांदा तयार केला होता. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला अतिवाहकता म्हणतात.

१९१४ साली त्याने शिशाच्या तारेचं वेटोळं हेलियममध्ये ठेवलं, त्यात वीज खेळवली आणि बाहेरचा पुरवठा तोडून टाकला. शेजारी होकायंत्राची सुई. सुई तासन् तास वळलेलीच राहिली, कारण वीज आत फिरतच राहिली. १९३२ साली तर असं वीज फिरत असलेलं एक कडं थंड भांड्यात घालून लायडनहून विमानाने लंडनला नेलं आणि सभागृहातल्या लोकांना दाखवलं. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी नेमकं मोजून हिशेब मांडला, की अशा वेटोळ्यातली वीज विरायला एक लाख वर्षांहून कमी काळ लागणार नाही.

हे सगळं मी ऐकत होते ते ग्वाल्हेरात बसून, आणि मला राहून राहून गडावरच्या चतुर्भुज मंदिराची आठवण येत होती. कुणी ग्वाल्हेरला गेलात तर किल्ल्याच्या वाटेवरचं हे लहानसं मंदिर चुकवू नका. त्यातल्या इसवी सन ८७६ च्या शिलालेखात देवाच्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५० असं कोरलेलं आहे. त्या दोन्ही आकड्यांतलं शून्य आजच्यासारखंच वाटोळं आहे. शून्याच्या जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. गणितातल्या शून्याला ग्वाल्हेरने एवढं जपून ठेवलं, आणि तारेतल्या शून्याने माझ्या मावशीला दारातून परत पाठवलं!

जयविलास राजवाड्यातली चांदीची आगगाडी तर बहुतेकांना माहीत असते. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून ती पाहुण्यांना मद्याच्या सुरया आणि सिगार पोचवत असे. गाडीवरची सुरई उचलली की गाडी थांबते, असं तिथले मार्गदर्शक सांगतात. उचललं की वीज तुटते, ठेवलं की जुळते. आपल्याला सवय आहे ती अशा विजेची, बटण दाबलं की मुकाट्याने थांबणाऱ्या. एमआरआयच्या वेटोळ्याला असं रोजचं बटणच नाही.

तिथली तार नायोबियम आणि टायटॅनियम या धातूंच्या मिश्रणाची असते, तांब्यात गुंफलेली. जुन्या यंत्रांत ती हजार-दीड हजार लिटर द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवतात. नव्यांपैकी काहींत जेमतेम सात लिटरवर भागतं. नेहमीच्या दवाखान्यातला चुंबक दीड टेस्लाचा, म्हणजे ज्या पृथ्वीच्या चुंबकत्वावर होकायंत्र चालतं त्याच्या तीस हजार पटींहून अधिक. तो एकदम थांबवायचा तर तार गरम होऊ द्यावी लागते. मग अडथळा परत येतो, तार आणखी तापते आणि सगळं हेलियम उकळून वायू होतं. एका लिटरचे सुमारे सातशे लिटर. ते छतावरच्या नळीतून बाहेर सोडावं लागतं, खोलीत भरलं तर प्राणवायूच उरणार नाही. याला क्वेंच म्हणतात. त्यासाठी भिंतीवर एक आणीबाणीचं बटण असतं, पण ते माणूस अडकला असेल तेव्हाचं. खर्च फार मोठा आणि यंत्र मग बरेच दिवस बंद.

हे बटण कशासाठी, ते आपल्या महाराष्ट्रात दोनदा दिसलं आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर यंत्राने ओढून घेतला, आणि सिलिंडर व यंत्राच्या मध्ये दोन कर्मचारी सुमारे चार तास अडकून पडले. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात रुग्णाबरोबर आलेला बत्तीस वर्षांचा तरुण सिलिंडर हातात घेऊन त्या खोलीत गेला आणि जिवाला मुकला. यंत्र बंद आहे असं आम्हाला सांगितलं होतं, असं त्याच्या नातेवाइकांचं म्हणणं होतं. सरांचं वाक्य मला तेव्हा पुन्हा ऐकू आलं. ते सुरूच असतं.

पेसमेकरचं दुखणं ओढलं जाण्यापेक्षा वेगळं. त्याच्यापासून हृदयापर्यंत वायर गेलेली असते. एमआरआयच्या रेडिओ लहरींनी त्या वायरचं टोक तापू शकतं, आणि चुंबकामुळे यंत्राची चाल बिघडू शकते. ज्याचं हृदय त्या ठोक्यावरच चालतं त्याला हे जीवघेणं ठरू शकतं. गुडघ्याचा फोटो काढताना माणूस बोगद्यात अर्धाच जातो, पण चुंबक आणि लहरी काही रेघ आखून थांबत नाहीत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र एमआरआय चालेल असे पेसमेकर आले आहेत. अट अशी की यंत्र आणि वायर दोन्ही त्या जातीच्या हव्यात, हृदयरोगतज्ज्ञाने आधी ते वेगळ्या चालीवर लावायला हवं आणि काम झालं की पुन्हा पूर्ववत करायला हवं. हे कळतं ते एका लहानशा कार्डावरून, जे बसवताना दवाखाना देतो आणि आपण कुठेतरी ठेवून देतो.

मावशीचं कार्ड शोधायला अख्खा दिवस गेला. गोदरेजचं कपाट झालं, बँकेच्या पासबुकांची पिशवी झाली, देवघराखालचा खण झाला. शेवटी काकांच्या जुन्या एलआयसीच्या फाइलीत सापडलं. कार्डावर एमआरआय चालेल असं लिहिलेलं होतं, वायरसकट. आमच्या घरच्यांना विनंती म्हणून नव्हे तर दमच दिला आहे, आणि तुम्हालाही सांगते: ते कार्ड पाकिटात ठेवा, आणि त्याचा फोटो मुलांच्या मोबाइलमध्ये. कागदावरचे प्रश्न म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, आपल्या भाषेत. 'यंत्र' म्हटलं की त्यांना शिवणयंत्र आठवतं. घड्याळ आहे का, असंच विचारावं.

तिसऱ्या दिवशी हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली एमआरआय झाला. तंत्रज्ञाने मावशीला सांगितलं, हाताची घडी घालायची नाही, पाय एकमेकांना चिकटवायचे नाहीत. का, तर उघड्या त्वचेला त्वचा टेकली की आपल्या अंगाचंच एक कडं होतं, त्यात लहरींनी वीज खेळू शकते आणि टेकलेल्या जागी भाजू शकतं. वेटोळ्याचं शास्त्र असं माणसापर्यंत येऊन पोचतं. गुडघ्याला आणखी एक पिंजऱ्यासारखं छोटं वेटोळं लावलं, आतून येणारी क्षीण हाक टिपायला. धडधड आवाज होतो तो मोठ्या चुंबकाचा नसतो. आत दुसरी साधी वेटोळी असतात, त्यांतली वीज झटपट बदलत राहते आणि ती थरथरतात. मावशी बाहेर येऊन म्हणाली, "लग्नाच्या बँडवाल्यांपेक्षा बरे होते."

रिपोर्ट हातात आला तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. हाडं करडी, पाणी पांढरं, आणि मधून एक काळाकुट्ट पट्टा गेलेला. मी विचारलं, तिथे काही नाहीच का? ते हसले. "वो तो सबसे मज़बूत चीज़ है. लिगामेंट है." एमआरआयला दिसतं ते मुख्यतः पाणी. लिगामेंटमधले तंतू इतके शिस्तीत आणि घट्ट असतात की त्यांच्यात धरलेल्या पाण्याची हाक ऐकू येण्याआधीच विझते, म्हणून ते काळं. तिथे पांढरी रेघ दिसली तर समजायचं, दोर उसवला आहे. मावशीचे दोर शाबूत होते, गुडघ्यातली गादी एका कडेला फाटली होती. वाटीखालच्या दोरात एक पांढरट डाग दिसत होता, त्याने भावाच्या पोटात गोळा आला. डॉक्टर म्हणाले, तो खोटा आहे. तंतू चुंबकाच्या दिशेशी साधारण ५५ अंशांचा कोन करून आले की धडधाकट असूनही उजळ दिसतात.

हे दोर कशाचे? कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव ते तिसरा हिस्सा एकटं कोलॅजन. कातडी, हाडं, स्नायूंची टोकं, सगळीकडे तेच. आणि ते खरोखरच दोर आहे, उपमा नव्हे. हे दाखवलं आपल्या एका माणसाने. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन, बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. पुढे मद्रासला प्राध्यापक झाले, आणि तिथे गोपीनाथ कर्था यांच्यासोबत क्ष-किरणांनी कोलॅजनची रचना शोधून काढली. १९५४ आणि १९५५ मध्ये ती 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली. तीन साखळ्या, प्रत्येक साखळी डावीकडे पिळलेली, आणि तिन्ही मिळून एकमेकींभोवती उजवा पीळ.

हे वाचलं आणि मला आजोबा दिसले. बेंदराच्या आधी, कन्नडात ज्याला कारहुणवी म्हणतात, ते अंगणात बसून बैलांसाठी दावी वळायचे. अंबाडीचा वाख, म्हणजे आपली पुंडी, मांडीवर एका दिशेने पिळायचा आणि मग तसे पेड एकत्र घेऊन उलट्या दिशेने वळायचे. एकाच दिशेने वळलं तर सोडल्याबरोबर सगळं उलगडून जातं. उलटं वळलं की पेड सुटू पाहतात तेवढा दोर आवळतो. आजोबा सातवीही शिकलेले नव्हते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण हट्टी माणसावर वापरतो, पण पीळ हा हट्ट नसून हिशेब आहे हे मला या वयात कळलं.

आणि सगळ्यांत नवल याचं, की हा दोर वळायला आजोबा लागत नाहीत. प्रयोगशाळेत हे नेहमी करून पाहतात. उंदराच्या शेपटीतलं कोलॅजन सौम्य आम्लात थंडीत विरघळवायचं. पाण्यासारखा पातळ द्रव मिळतो. मग आम्लपणा काढून टाकायचा आणि द्रव अंगाच्या उबेला, ३७ अंशांवर ठेवायचा. कुणी ढवळत नाही, कुणी ओढत नाही. बघता बघता द्रव गढूळतो आणि थिजतो. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर आत तंतूच तंतू. पिळलेले दोर आपापल्या जागा शोधून, ठरावीक अंतराने पुढेमागे सरकून, एकमेकांना बिलगलेले. पट्ट्यांचं अंतर ६७ नॅनोमीटर, दर वेळी. याची चव घ्यायची तर घरी एक करता येतं. जाड दोरा दोन्ही हातांनी भरपूर पिळा, मग दोन्ही टोकं जवळ आणा. दोरा मधूनच स्वतःभोवती गिरक्या घेत दुपेडी होतो. वाती वळणाऱ्या बायकांना हे नवीन नाही.

पीळ पक्का बसायला शरीराला क जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की साखळ्या नीट शिवल्या जात नाहीत, आणि मग हिरड्यांतून रक्त, जुन्या जखमा उघडणं. पूर्वीचे खलाशी याच स्कर्व्हीने जात. आवळा आपल्याकडे उगाच नाही.

पण डावा की उजवा, हे ठरवतो कोण? १८४८ मध्ये पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली धरून चिमट्याने वेगळे केले, डाव्या घडणीचे एकीकडे, उजव्यांचे दुसरीकडे. आरशातल्या जुळ्यांसारखे. हेच आम्ल आपल्या चिंचेत असतं, आणि चिंच कधी गोंधळ करत नाही, एकाच हाताचं बनवते. जिवंत सृष्टीत प्रथिनांचे मणी डाव्या हाताचे आणि साखरा उजव्या, असं का ठरलं याचं पक्कं उत्तर अजून कुणाजवळ नाही. २००७ मध्ये रशियाच्या त्सितोविच यांनी इतर देशांतल्या संशोधकांसोबत संगणकावर दाखवलं, की विद्युतभारित वायूतले धुळीचे कणही आपोआप मळसूत्रासारखे रचले जाऊ शकतात. लगेच 'धुळीत जीव' अशा बातम्या झाल्या. मला त्या घाईच्या वाटतात. पिळलेलं सगळंच जिवंत नसतं, नाहीतर आमचं दावं हंबरलं असतं.

परत यायच्या आदल्या दिवशी बाळाच्या घुटीचं सामान निघालं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे, त्यामुळे सहाण कोरडीच राहिली. पण मावशीने डबा उघडून दाखवला. वेखंड, जायफळ, हळकुंड आणि मुरुडशेंग. ग्वाल्हेरची सून तिला मरोडफली म्हणते. मावशी म्हणाली, "आपल्या गल्लीत एडमुरी." एड म्हणजे डावी, मुरी म्हणजे पिळलेली. आणि उजव्या सोंडेचा तो बलमुरी गणपती. तमिळ आणि मल्याळममध्ये या शेंगेच्या नावात डावं-उजवं दोन्ही आहे. पाच पेड एकमेकांभोवती वळून झालेली ती शेंग मावशीने हातात धरली आणि टोक खाली केलं. "आता उजवी झाली?"

मी म्हटलं नाही, उलटी धरली तरी पीळ तोच. आरशात धर, तरच बदलेल. तिने खरंच उठून, लंगडत, आरशासमोर जाऊन धरली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही फार जुनी झाली, किडलीय. खानापूरच्या बाजाराला गेलीस की ताजी पाठव. गोवा एक्स्प्रेसने कुणीतरी येतंच असेल."

मागच्या आठवड्यात पाठवली. गुडघा आता बरा आहे, व्यायाम रोज करते. कार्ड तिने मंगळसूत्राच्या डबीत ठेवलं आहे.